ह उमटत नाही

किल्ला कोर्टाच्या मागे, झेरॉक्सवाल्याच्या सावलीत
माझं टेबल. टेबलावर मशीन, एक्क्याऐंशी सालचं.
त्यातला ह झिजलाय.
नवा खिळा आता मिळत नाही; दुरुस्तीवाला कांबळी वारला,
त्याच्या पोरानं दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली.
म्हणून टाइप झालं की मी पेन काढतो
आणि रिकाम्या जागी एकेक ह बसवतो.

काढून टाकण्याचे किती कागद या रोलरवरून गेले.
रुफिना परेरा सोसायटीचा ठराव घेऊन आली,
उत्तर द्यायचं होतं.
तीन चतुर्थांश मतांनी कालपट्टी.
मी ह भरला, तेव्हा तिला नीट वाचता आलं.
म्हणाली, एवढा मोठा शब्द? मी फक्त
गच्चीच्या किल्लीचा हिशेब मागितला होता.

बँकेचा शिपाई बडतर्फ होतो.
घरगड्याला नुसतं ‘उद्यापासून येऊ नकोस’, त्याला कागद नसतो.
शाळा काढत नाही, दाखला हातात देते,
वर लिहिते: पालकांच्या विनंतीवरून.
एकाला गावकीनं वाळीत टाकलेलं, तोंडी.
अर्ज कशाविरुद्ध करू, त्यानं विचारलं.
मी त्याला चहा पाजला. आणखी काय करणार.

महापालिका मात्र निष्कासन म्हणते.
चोवीस तासांच्या आत, स्वखर्चाने.
माझी नलू नायगावला प्रसूतिगृहात शिकते,
तिच्या वहीत बाळंतपणाचा दुसरा टप्पा:
निष्कासन अवस्था.
जेवता जेवता माझा घास थांबला.
म्हटलं, तिथे नोटीस कोण देतं गं?
ती म्हणाली, बाबा, तिथे बाहेर काढलेला रडला
की सगळे हसतात.
न रडला तरच घाबरतात.

आणि काल रजनी वाघचौरे.
राहणार कोकरी आगार. भाऊ सिद्धू तडीपार,
शहर, उपनगर, ठाणे, दोन वर्षं.
सात महिने झाले. अपिलाची मुदत कधीच टळलेली,
तरी अर्ज करायचाच, म्हणाली.
तिनं विचारलं, तडी म्हणजे काय हो?
म्हटलं, काठ.
मग काम तडीस नेलं म्हणतात, ते?
तोच काठ.
थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली,
म्हणजे काम पोचलं तर शाबासकी,
आणि आमचा पोचला तर पोलीस.

सिद्धू सध्या पेणला आहे.
मूर्तींच्या कारखान्यात, रोजावर.
डोळ्यांची आखणी देत नाहीत त्याला, सोंडेवरचा सोनेरी देतात.
गेल्या भाद्रपदात टेम्पो भरभरून मुंबईला आले,
खाडीचा पूल ओलांडून, कुणी अडवलं नाही.
रजनी लालबागच्या मांडवांतून हिंडली,
प्रत्येक सोंडेजवळ वाकून बघत.
सापडला?
नाही हो. सगळीकडे सोनेरी सारखाच.

अर्ज झाला. दीड पान.
वाचून दाखवताना माझ्याच लक्षात आलं:
‘अर्जदार लहानपणापासून येथे राहत होता’
यातला राहत नुसता रा त उरलाय,
आणि खाली ‘हद्दपारीचा हुकूम’,
त्याचीही दोन्ही तोंडं कोरी.
वस्तीला आणि हुसकावण्याला
मशीनमध्ये एकच खिळा.
कधी जास्त झिजला असेल, कुणी मोजलं नाही.

पेन काढलं. तीही वाकली, बोट ठेवत गेली
ओळीओळीवर, निवडताना तांदळातला खडा शोधतात तशी.
सव्वीस ह.
चाळीस रुपये दिले, पाच सुटे नव्हते, राहू द्या म्हणाली.
कागद घडी करून पिशवीत घातला, चार पावलं गेली,
परत आली, घडी उलगडली, माझ्यासमोर धरली:

बघा ना काका, पुन्हा एकदा.
एखादा राहिला नाही ना?